प्रश्नोत्तरे : लेसोथो, दक्षिण आफ्रिका आणि घरी येणारा पैसा

प्रश्न : जागतिक बँकेच्या आकडेवारीत परदेशातून येणारा वैयक्तिक पैसा, म्हणजे रेमिटन्स, दक्षिण आफ्रिकेला वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलर, तर चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनेच वेढलेल्या लेसोथो या छोट्या देशाला ५० कोटींच्या आसपास दिसतो. मग या संदर्भात नाव लेसोथोचेच का निघते?

उत्तर : कारण ही रक्कम किती माणसांत वाटली जाते, हे त्या आकड्यात दिसत नाही. लेसोथोची लोकसंख्या सुमारे २३ लाख, दक्षिण आफ्रिकेची सहा कोटींहून अधिक. म्हणजे दरडोई एकीकडे दोनशे डॉलरहून जास्त आणि दुसरीकडे जेमतेम पंधरा. लेसोथोच्या सकल राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर ही रक्कम साधारण पाचवा हिस्सा भरते, दक्षिण आफ्रिकेत ती अर्धा टक्काही होत नाही.

प्रश्न : रेमिटन्स म्हणजे कामगाराने घरी धाडलेली रक्कमच ना?

उत्तर : सर्वसाधारण समज तसाच आहे, पण तुलना करताना नेमकी इथेच गफलत होते. या आकड्यात दोन गोष्टी मिळवलेल्या असतात : एका घराने दुसऱ्या घराला पाठवलेला पैसा, आणि थोड्या काळासाठी परमुलखात राबणाऱ्यांचे वेतन. लेसोथोचे खाणकामगार कराराने दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमसारख्या खाणींच्या गावी जातात, करार संपला की परततात, म्हणून हिशेबात ते लेसोथोचेच रहिवासी धरले जातात. परिणामी त्यांचा संपूर्ण पगार ‘आलेला पैसा’ म्हणून नोंदला जातो, मग त्यातला काही भाग त्यांनी वेल्कमच्याच दुकानात खर्च केला असला तरी. याउलट त्याच खाणीत त्यांच्याशेजारी काम करणारा, दक्षिण आफ्रिकेच्याच ईस्टर्न केप प्रांतातल्या म्ताथाकडचा कामगार घरी पैसे धाडतो, तेव्हा सीमा ओलांडली जात नसल्याने या आकड्यात त्याची नोंद शून्य. आपल्याकडे गिरणगावातून रत्नागिरीला जाणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातली घरे चालत, पण त्यातला एक रुपयाही या व्याख्येत बसला नसता. लेसोथोचा आकडा मोठा दिसण्यात नकाशावरच्या रेषेचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

पैसा प्रत्यक्ष घरी येण्यात सक्तीचाही वाटा होता. लेसोथोच्या १९७४ च्या कायद्याने खाणकामगारांच्या पगाराचा मोठा हिस्सा, सुरुवातीला ६० टक्के, राखून ठेवला जाई आणि तो लेसोथोत परतल्यावरच हाती पडे.

प्रश्न : २०११ नंतर लेसोथोचा डॉलरमधला आकडा खाली आला. कामगार पैसे कमी पाठवू लागले का?

उत्तर : खाणींतली कपात खरी आहे. १९८० च्या दशकाअखेरीस लाखाहून अधिक बसोथो, म्हणजे लेसोथोचे, पुरुष या खाणींत होते. सोन्याचे उत्पादन घटत गेले तशी ही संख्या पुढच्या दोन दशकांत निम्म्याहूनही कमी झाली. पण डॉलरचाही खेळ आहे. पगार मिळतो दक्षिण आफ्रिकेच्या चलनात, रँडमध्ये. २०११ मध्ये एका डॉलरला सरासरी सव्वासात रँड पडत, २०२३ मध्ये साडेअठराच्या आसपास. त्यामुळे तेच पाच हजार रँड कागदावर ६९० डॉलरवरून २७० वर आले. लेसोथोचे चलन लोटी मात्र रँडशी एकास एक जोडलेले आहे आणि रँडही तिथे सर्रास चालतो, म्हणून राजधानी मासेरूच्या वाण्याकडे त्या पाच हजारांची किंमत डॉलरइतकी, म्हणजे अडीचपटीने, घटलेली नाही. महागाईने जे खाल्ले ते वेगळे. दशकाची तुलना करायची असेल तर डॉलर बाजूला ठेवावा आणि रँडमधला आकडा महागाई वजा करून पाहावा.

प्रश्न : बँका असताना लोक घरी पाठवायचे पैसे सीमेपार जाणाऱ्या टॅक्सीचालकाच्या हाती का देतात?

उत्तर : खर्चामुळे. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पैसे पाठवणे दीर्घकाळ जगातल्या सर्वांत महागड्या व्यवहारांत मोडत आले आहे. संयुक्त राष्ट्रांचे २०३० साठीचे उद्दिष्ट तीन टक्क्यांखालच्या खर्चाचे आहे. २०१५ मध्ये शॉप्राइट या दुकानसाखळीने लेसोथोसाठी ९.९९ रँड इतक्या ठरावीक शुल्कात सेवा सुरू केली, तेव्हा या मार्गावर मोठा फरक पडला. तरीही घरकाम करणाऱ्या अनेक स्त्रियांकडे आवश्यक कागदपत्रे नसतात. त्यांचे पाकीट सीमेवरच्या मासेरू पुलावरच्या रांगेतून चालकाच्या खिशातच पलीकडे जाते, आणि सांख्यिकी अधिकाऱ्याला ते अंदाजानेच धरावे लागते.