संभाजीनगरला शनिवार ते मंगळवार येतोय, अजिंठा-वेरूळ कोणत्या दिवशी ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की नांदेडहून सहा जण येताय, आईवडील सत्तरीच्या आसपासचे, दोन लेकरं, शनिवारी दुपारी पोचणार आणि मंगळवारी रात्रीच्या गाडीनं परत. आणि प्लॅन असा की रविवारी दौलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, खुलताबाद आणि येताना मकबरा, सोमवारी अजिंठा, मंगळवारी पैठण, आणि जमलं तर शिर्डी पण.

सगळ्यात आधी सोमवारचं बदला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे दोन वार कागदावर लिहून ठेवा, कारण गाडीवाले सांगतीलच असं नाही. माझा मावसभाऊ उदगीरहून आला होता तेव्हा ड्रायव्हरला माहीत असून त्यानं मंगळवारी आम्हाला वेरूळला नेलं, गेट बंद, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत फिरलो आणि भाडं पूर्ण दिवसाचं द्यावं लागलं. मावशीनं त्यानंतर लेण्या बघितल्याच नाहीत, परत येणं झालंच नाही तिचं. म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, नोकरीमुळे गेली बावीस वर्षं इथं सिडकोत राहतो, आणि गावाकडचं कोणी आलं की फिरवायचं काम माझ्याकडंच असतं. तुमचे वार फिक्स असतील तर मी असं लावलं असतं: शनिवारी संध्याकाळी शहरातलं, रविवारी अजिंठा, सोमवारी पूर्ण दिवस वेरूळ, मंगळवारी सकाळी देवगिरी म्हणजे तुमच्या यादीतलं दौलताबाद आणि दुपारनंतर बाजार. शिर्डी काढून टाका, ते शंभरेक किलोमीटर उलट्या दिशेला आहे, त्यात एक अख्खा दिवस जातो. पैठण पण पुढच्या वेळेला ठेवा, नाथांची समाधी आणि जायकवाडीचं धरण हे निवांत एका दिवसाचं काम आहे.

आता वेरूळला पूर्ण दिवस का, तर याचं कारण माझे वडील आहेत.

2014 ला त्यांना पहिल्यांदा आणलं तेव्हा मी पण तुमच्यासारखाच प्लॅन केला होता, एका दिवसात पाच ठिकाणं. कैलास लेण्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, देवगिरी चढून सगळे दमलेले, आणि मी सगळ्यांना पाऊण तास दिला. वडील आत शिरले आणि डाव्या बाजूच्या कातळाजवळ जाऊन थांबले. हात लावून बघत होते. छन्नीच्या रेघा अजून दिसतात तिथं, तिरप्या, एकाखाली एक. आता हे सांगायला पाहिजे की 72 च्या दुष्काळात वडिलांनी खडी फोडलेली आहे, आणि नंतर शेतात विहीर खांदली तेव्हा मुरूम संपून काळा पाषाण लागला होता आणि चार हात खाली जायला दोन उन्हाळे गेले होते. तर ते मला म्हणाले, "बापू, हिर खांदल्यावानी वरून खाली आलेत रे हे लोकं. मंग निघालेला दगुड कुठं नेऊन टाकला आसंल?" माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वडील मुकाट्यानं निघाले. घरी आल्यावर आईला रात्री उशिरापर्यंत तेच सांगत होते.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना एकट्यालाच परत घेऊन गेलो आणि सकाळपासून दुपारी एकपर्यंत आम्ही नुसते कैलासातच होतो. तेव्हा वाचून गेलो होतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे 8व्या शतकात, हे काम झालं असं मानतात, डोंगराच्या माथ्यावरून सुरू करून खाली पायापर्यंत कोरत आलेत, म्हणजे कळस आधी आणि जोतं शेवटी, आणि दीड-दोन लाख टन तरी दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. वरून खाली यायचं तर चुकून जास्तीचा एक तुकडा उडाला तरी परत चिकटवायची सोय नाही. वडिलांना हे मी सांगितलं तर ते म्हणाले ते मला दिसतंच आहे. मंदिराच्या जोत्याला चहूबाजूंनी हत्ती आहेत, जणू सगळं मंदिर पाठीवर घेऊन उभे, त्यातल्या बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात पण ते वजन पेलण्याचा भाव जात नाही. दक्षिणेच्या बाजूला खाली रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, वीस हातांनी जोर लावतोय आणि वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, ते लेकरांना आवर्जून दाखवा, गोष्ट त्यांना माहीत असणारच.

तर सोमवारी असं करा. सकाळी साडेसहाला निघा, शहरापासून वेरूळ तीस किलोमीटर आहे, आणि आधी घृष्णेश्वर उरकून घ्या कारण सोमवार म्हणजे महादेवाचा वार, दहानंतर रांग वाढत जाते. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं, वडिलांना आधीच सांगून ठेवा, डिसेंबरात सकाळी गारठा असतो. मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केलेला आहे, लाल दगडातलं काम आहे, ते प्रदक्षिणेच्या वेळी बघायला विसरू नका. तिथून लेण्या जवळच आहेत. एकूण 34 लेण्या, 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. सगळ्या बघायच्या भानगडीत पडू नका, आईवडिलांचे गुडघे आणि लेकरांचा जीव दोन्ही थकतील. गेटसमोरच 16 नंबर म्हणजे कैलास, ते सकाळी थंडाव्यात निवांत बघा. मग 10 नंबर, तिला सुताराची झोपडी म्हणतात कारण छताला लाकडाच्या वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्यात. 12 नंबर तीन मजली आहे, तीन ताल, तिथं आईवडिलांना खालीच बसू द्या. जैन लेण्या थोड्या लांब आहेत, तिकडं जायला गाडी मिळते, 32 नंबर इंद्रसभा तेवढी बघा, छताला कोरलेलं कमळ आहे. आणि परत येताना चारच्या सुमारास कैलासात पुन्हा डोकवा, कारण लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी जे काळपट करडं दिसत होतं त्यावर दुपारचं ऊन येतं आणि दगड अंगानं उजळतो. एकच लेणं दोनदा बघा हे कोणी सांगत नाही, पण मी सांगतोय.

माकडं आहेत तिथं. लेकरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका.

खुलताबाद वाटेत आहे, भद्रा मारुतीचं दर्शन आईवडिलांना करायचंच असेल तर परतीच्या वाटेत अर्धा तास लागेल. झोपलेल्या स्थितीतली मारुतीची मूर्ती आहे.

रविवारच्या अजिंठ्याचं. शहरापासून शंभर किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोड मार्गे, आईवडील आणि लेकरं सोबत म्हणजे चहापाण्याला थांबणं आलंच, तर तीन तास धरा आणि सहाच्या आत निघा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी लावावी लागते, तिथून पुढं चारेक किलोमीटर त्यांच्या बसनं. लेण्या 9 ला उघडतात आणि रविवार असल्यानं दहा-साडेदहापर्यंत गर्दी होते, म्हणून पहिल्या बसमध्ये बसला तर सरळ 1 आणि 2 नंबरला जा. उशीर झालाच तर उलटं करा, आधी 26 नंबर गाठा आणि मागं मागं येत 1 नंबर शेवटी ठेवा. सुरुवातीला पायऱ्यांचा चढ आहे, आईला जमणार नसेल तर डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या आणि डोलीत बसायला संकोच वाटत असेल तर तुम्हीच समजूत घाला, कारण एवढं लांब येऊन खाली बसून राहणं फार वाईट.

1 नंबरमध्ये चपला बाहेर काढून शिरल्यावर काहीच दिसत नाही. बरेच लोक दोन मिनिटं इकडं तिकडं बघून बाहेर पडतात आणि म्हणतात रंग उडालेत सगळे. तसं करू नका. एका जागी उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग भिंतीतून हळूहळू चेहरे वर यायला लागतात. गाभाऱ्याच्या दाराशी डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र आहे, हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, नजर खाली. मी मोजून नऊ वेळा गेलोय आणि प्रत्येक वेळी त्याच्यासमोर बोलणं थांबतं. फ्लॅश मारायला बंदी आहे आणि ती पाळा, लेकरांनाही सांगा, रंग दीड हजार वर्षं टिकलेत ते अंधारामुळं पण. 16 आणि 17 मध्येही चित्रं आहेत, 17 मध्ये जातक कथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, भिंतभर. 10 नंबर सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी आहे, इसवी सनापूर्वीची. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला या लेण्या दिसल्या आणि त्यानं तिथल्या खांबावर स्वतःचं नाव कोरलं. आणि 26 मध्ये महापरिनिर्वाणाचा बुद्ध, आडवा, जवळपास सात मीटर लांब, खाली रडणारे शिष्य. आईवडिलांना तिथं पाच मिनिटं बसू द्या.

जेवण येताना सिल्लोडला करा किंवा डबा बांधून न्या. परत यायला रात्रच होईल, त्यादिवशी दुसरं काहीच ठेवू नका.

शनिवारी संध्याकाळी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची कबर, 1661 च्या सुमारास पूर्ण झाली, दिसायला ताजमहालासारखी पण संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला, मधलं बरंचसं चुन्याच्या गिलाव्याचं. लोक त्याला गरिबांचा ताज म्हणतात, मला ते आवडत नाही, मावळतीला मागच्या डोंगरासमोर तो बघा आणि ठरवा. त्याच्या आधी पाणचक्की, आणि तिथं नुसता हौद बघून निघू नका. काही किलोमीटर लांबून, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून आणून उंचावरून पाडलंय आणि त्यावर दळण चालायचं. हे शहर 1610 मध्ये खडकी या नावानं मलिक अंबरनं वसवलं, आणि नहर-ए-अंबरी ही शहराला जमिनीखालून पाणी आणणारी जुनी योजनाही त्याचीच. पाण्यासाठी वणवण काय असते ते आपल्या मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, म्हणून तुमच्या वडिलांना ही जागा नक्की आवडेल.

मंगळवारी देवगिरी, शहरापासून पंधरा किलोमीटर, सकाळी लवकर. सातशेच्या वर पायऱ्या आहेत. आईवडिलांना चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत न्या, तिथं सपाट आहे, सावली आहे, आणि तुम्ही लेकरांना घेऊन वर जा. कातळात तासलेला खंदक, मेंढा तोफ आणि अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, या तिन्हीसाठी लेकरं चढतील. अंधारीत वटवाघळं असतात आणि वास येतो, टॉर्च लागतोच. यादवांची राजधानी होती ही, आणि 1327 मध्ये तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली, ते शाळेत शिकलेलं असतं, पण खंदकाच्या काठावर उभं राहिलं की हा किल्ला का हवा होता ते कळतं.

दुपारी गुलमंडी, पैठण गेट. हिमरूची, म्हणजे इथल्या सूत-रेशमाच्या विणकामाची शाल घेणार असाल तर मागावरची आहे की यंत्रावरची ते स्पष्ट विचारा, दोन्हीच्या भावात बराच फरक असतो. घरात मटण चालत असेल तर नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा खा, जुन्या शहरात मिळतो. आणि डिसेंबरच्या शेवटी येत असाल तर वेरूळच्या रस्त्यानं हुरड्याचे बोर्ड दिसतील, सोमवारी परतताना थांबा.

राहायला क्रांती चौक किंवा स्टेशन रोड बघा, मंगळवारी रात्री गाडीला सोपं पडतं. सहा जणांना सात सीटर गाडी लागेल, तीन दिवसांचं भाडं एकत्र ठरवा आणि टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण त्यात धरलंय का हे आधीच बोलून घ्या. आणि ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा की वेरूळला आम्ही संध्याकाळपर्यंत थांबणार आहोत, हॉर्न वाजवायचा नाही.