कोंबडीच्या तळव्याची गाठ: कापू नये, खुराडे कोरडे करावे

इंदूर जिल्ह्याच्या सांवेर तहसिलीतील एका शेतकरी भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या परसातील दहा-बारा कोंबड्यांपैकी दोन पाऊस सुरू झाल्यापासून लंगडत आहेत. एकीच्या तळव्यावर सूज व काळी खपली आहे, तर दुसरीच्या पायाच्या नळीवरील खवले उचलून खडबडीत झाले आहेत. गाठ ब्लेडने कापून पू काढावा का, आणि सर्वांच्या पाण्यात अँटिबायोटिकची पावडर घालावी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

या दोन्ही गोष्टी करू नयेत. तळव्याची गाठ हा बंबलफूट नावाने ओळखला जाणारा जिवाणूसंसर्ग दिसतो. तो बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो, आणि हा जिवाणू एरवीही कातडीवर व आसपास असतोच. त्याला आत शिरायला एखादी चीर किंवा खरचटलेली जागा लागते. कोंबड्यांचा पू पातळ नसून पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे गाठ टोचली तरी तो वाहून जात नाही. शिवाय त्याच्या अगदी खाली स्नायुबंध व हाडे असल्याने घरच्या ब्लेडने संसर्ग तिथपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. कापणे आवश्यक असेल, तर ते पशुवैद्यकाने करावे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची सोय आपल्याच जिल्ह्यात आहे.

सूज लहान असेपर्यंत घरी एवढे करता येईल. कोंबडी वेगळ्या, कोरड्या जागी ठेवावी. हातमोजे घालून पाय कोमट पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे बुडवावा. पाण्यात लिटरला चमचाभर एप्सम सॉल्ट घालावे. नंतर पाय पुसून पूर्ण कोरडा करावा, पोविडोन आयोडीन लावावे आणि गॉज ठेवून सैल पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी. बोटे गार लागल्यास पट्टी आवळली आहे असे समजावे. खपली ओढून काढू नये. हळद-तेलाचा लेप लावून कोंबडी पुन्हा अंगणात सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्या तेलाला माती आणि विष्ठा चिकटून जखम अधिकच घाण होते. चार-पाच दिवसांत उतार न पडल्यास, सूज सांध्याकडे चढल्यास किंवा कोंबडीने दाणे टिपणे सोडल्यास न थांबता पशुवैद्यकाला दाखवावे.

पाण्यातील अँटिबायोटिकबाबत आक्षेप असा की, आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणून जिला गरज आहे तिला मात्रा अपुरी मिळते आणि निरोगी कोंबड्यांच्या पोटात औषध विनाकारण जाते. त्याचा अंश अंड्यांतही उतरू शकतो. डॉक्टरांनी औषध दिलेच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

मूळ दोष बहुतेक वेळा खुराड्यात असतो. माळव्याची काळी माती पावसात तळव्याला चिकटते, खड्यासकट वाळते आणि चालताना कातडी घासत राहते. खुराड्यात खाली पसरलेल्या ओल्या गादीने तीच कातडी आधीच मऊ पडलेली असते. म्हणून भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन ते तीन इंच पसरावा, भिजलेला भाग रोज उचलावा आणि पाण्याचे भांडे विटांवर ठेवावे. बसण्याची दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच असावी, कारण उंचावरून उडी मारताना तळव्याला मार बसतो. फाटक्या बांबूऐवजी कडा घासलेली, चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी. खाद्यात पालक, मेथी किंवा शेवग्याचा पाला असावा. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने कातडी कमकुवत होते.

आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला कोंबड्या शांत बसल्या असताना, तळवे तपासावेत. कडकनाथ पाळणाऱ्यांनी नुसते पाहून समाधान मानू नये. तिचा पाय मुळातच काळसर असल्याने खपली उठून दिसत नाही, त्यामुळे अंगठ्याने दाबून ऊब आणि फुगवटा चाचपावा.

दुसऱ्या कोंबडीचा आजार वेगळा वाटतो. उचललेल्या खवल्यांखाली बहुधा माइट, म्हणजे गोचिडाच्या जातीचे सूक्ष्म जीव, असतात व ते एकीकडून दुसरीकडे जातात, म्हणून सर्वच कोंबड्यांच्या नळ्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुसून त्यांवर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा आणि काही आठवडे हे सुरू ठेवावे. रॉकेल किंवा गाडीचे जळके ऑइल लावू नये, त्याने कातडी भाजते. खवले मात्र नीट असून एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असेल, तर तो मरेक्स या विषाणूजन्य रोगाचा पक्षाघात असू शकतो. अशा कोंबडीला ताबडतोब वेगळे करून पशुवैद्यकांना दाखवावे.