बाळाच्या छातीच्या पडद्याला छिद्र आहे, आता काय करू?

प्रश्न : मला एकविसावा आठवडा सुरू आहे. सोनोग्राफीत बाळाच्या छातीच्या पडद्याला डाव्या बाजूला छिद्र असून जठर छातीत सरकल्याचे दिसले. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘अशी बाळे वाचत नाहीत, लवकर मोकळे व्हा’ असे सांगितले. ग्रहण नीट पाळले नाही म्हणून हे झाले, असे सासूबाई म्हणतात. मिस्टर काहीच बोलत नाहीत.

उत्तर : ताई, आधी ग्रहणाविषयी लिहिते, कारण त्या बोलण्याने तुमच्या मनाला फार लागले असणार. पोट आणि छाती यांच्यामधला हा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पहिल्या तीन महिन्यांतच पूर्ण व्हायचा असतो. साधारण तीन हजार बाळांमागे एकाच्या बाबतीत तो अपुरा राहतो आणि बहुतेकांत त्याचे कारण सापडत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा पाण्याची कळशी उचलल्याने असे होत नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही.

‘अशी बाळे वाचत नाहीत’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. छिद्र जन्मानंतर शिवता येते. खरा प्रश्न फुप्फुसांचा असतो, कारण जठर आणि आतडी छातीत जागा अडवून बसल्याने फुप्फुसे लहान राहतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब जन्मानंतर वाढलेला राहतो. म्हणून फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळांच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे जाऊन फुप्फुसाचे माप काढून घ्या. ते बाळाच्या डोक्याच्या मापाशी ताडून, त्या आठवड्यात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या किती टक्के आहे हे सांगतात. 25 टक्क्यांहून कमी असेल तर स्थिती गंभीर समजतात, 35च्या वर असेल तर आशा बरीच वाढते. यकृतही छातीत चढले आहे का, हे आवर्जून विचारा. हृदयाची स्वतंत्र तपासणी आणि गर्भजलाची जनुकीय तपासणीही लागेल, कारण सोबत दुसरा दोष असेल तर सगळे चित्रच बदलते.

दुसरा दोष नसलेल्या बाळांपैकी सुमारे 70 ते 80 टक्के बाळे अनुभवी केंद्रांत वाचतात. मात्र हे आकडे प्रामुख्याने परदेशातल्या सुसज्ज रुग्णालयांचे आहेत, तेव्हा तुम्ही जिथे जाल तिथे त्यांचा स्वतःचा अनुभव विचारा. अतिगंभीर बाळांच्या श्वासनलिकेत गर्भातच फुगा बसवण्याचा उपचारही आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे जगून घरी गेलेल्या बाळांचे प्रमाण 15वरून 40 टक्क्यांवर गेले, पण मुदतपूर्व प्रसूतीही बरीच वाढली.

गर्भ ठेवायचा ठरला, तर बाळंतपण तालुक्याला किंवा माहेरी नको. नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक एकाच छताखाली असतील तिथेच करा. अशा बाळाला मास्कने हवा दिली तर ती छातीतल्या जठरात भरून फुप्फुसे आणखी दाबते, म्हणून जन्मताच श्वासनलिकेत नळी घालणारे हात तिथे तयार असावे लागतात. शस्त्रक्रिया लगेच होत नाही, बाळ स्थिरावल्यावर होते. पुढेही काही मुलांना दूध उलटणे, वजन न वाढणे, श्वासाचा किंवा ऐकू येण्याचा त्रास राहतो. हे आधीच माहीत असलेले बरे.

सगळे ऐकून घेतल्यावर गर्भ ठेवू नये असे वाटले, तर तेही चूक नाही. बाळात गंभीर दोष असल्यास 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. दोन्ही बाबतींत कायद्याला संमती तुमची लागते, सासूबाईंची किंवा मिस्टरांची नाही.

मिस्टरांच्या गप्प बसण्यामागे भीती असण्याची शक्यता मला अधिक वाटते. त्यांना घरी समजावत बसण्यापेक्षा तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांच्याच हाताने लिहून घ्या. वेळ ठरवताना एकविसावा आठवडा आहे हे आधी सांगा, म्हणजे तारीख लांबणार नाही, आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट बरोबर ठेवा.