गीझर गॅसचा घ्यावा की विजेचा?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय: दोन खोल्यांचं स्वतःचं घर, माणसं चार, गीझरसाठी 12,000 बाजूला काढलेत. दुकानदार 5,500 चा गॅस गीझर गळ्यात मारतोय, मिस्टरांना विजेचा 15 लिटरचा, 8,000 चा हवाय, आणि सासूबाई म्हणतात, बंब आहे ना! गॅस गीझर बाथरूममध्येच लागेल, मागच्या भिंतीवर बाहेर लावायचा तर पाइपचे 900 जास्त. खिडकी आहे, पण थंडीत तिच्यात बोळा कोंबलेला असतो.

ताई, आधी त्या बोळ्याचं बोलू. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, आतून कडी. तेव्हा गॅस घ्यायचा तर गीझर बाहेरच. हे 900 वाचवायचे नसतात.

आता हिशेब. दुकानदाराने 5,500 सांगितले, पण गीझरला वेगळं सिलिंडर लागेल. तुमच्याकडे एकच आहे. दुसऱ्याची अनामत 2,200, भरलेलं सिलिंडर तुमच्याकडे 870 ला पडतं. पाइप धरून झाले 9,470. विजेच्या गीझरला 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग करून घ्या, वायरमनसकट तोही साडेनऊ हजारांच्या घरात जाईल. म्हणजे घेताना दोन्ही सारखेच. (अनामत परत मिळते, पण कनेक्शन सोडाल तेव्हा.)

फरक पडतो तो वापरात. चार बादल्या पाणी तापवायला रोज साधारण 2 युनिट लागतात. आपल्याकडे गीझर चालणार फार तर 100 दिवस. मार्च लागला की गच्चीवरची टाकीच पाणी तापवून देते, आणि मे महिन्यात तर आंघोळीची बादली रात्रीच भरून ठेवावी लागते. म्हणजे वर्षाला 200 युनिट. थंडीत कूलर बंद असल्याने तुमचं महिन्याचं बिल 80 युनिटचं येतं, म्हणून वाढीव युनिटांपैकी थोडे 100 च्या आतल्या स्वस्त दरात बसतील. तुमच्या बिलावर सगळे आकार धरून तो दर 7 च्या आसपास पडतो, 100 च्या पुढचा 13 च्या. मिळून बावीसशे. तेवढंच पाणी गॅसवर सव्वा ते दीड सिलिंडरमध्ये तापतं, म्हणजे बाराशेच्या आसपास. वर्षाला हजाराचा फरक.

हजार रुपये काही कमी नाहीत. पण गॅस गीझर पाण्याच्या दाबावर पेटतो, आणि तुमची टाकी स्लॅबवरच टेकलेली आहे. उद्या सकाळी बाथरूमचा नळ पूर्ण सोडा, 15 लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर गॅसचा विषय सोडा. गीझर पेटेल, विझेल, आणि डोक्याला साबण लावून तुम्ही हाका मारत बसाल.

बादली लवकर भरली आणि गीझर बाहेर लागणार असेल, तर गॅस घ्या. यातलं एक जरी जमत नसेल तर मिस्टरांचं ऐका. पाणी बोअरचं असेल तर क्षार दोन्हीकडे साचतात, साफसफाईचे पैसे धरून ठेवा. दुकानदार हप्त्यांवर देतो म्हणेल. पैसे हातात आहेत, रोखीने घ्या आणि भाव पाडून मागा.

बंब मात्र मोडीत देऊ नका. शेतातल्या पऱ्हाट्या फुकटच आहेत. घरात लग्नकार्य निघालं, वीस पाहुणे उतरले, की 15 लिटरचा गीझर कुठे पुरणार?