गोन्सालो या पोर्तुगीज नावाचा अर्थ काय? मुलाला ठेवावं का?

ठेवा, बिनधास्त ठेवा. पोर्तुगीज सासूबाईंनी नाव सुचवलंय आणि तुमच्या माहेरी "हे कसलं नाव, अर्थ तरी काय" असं चाललंय, हे वाचून राहवलं नाही. आम्ही वसईचे. आमच्या घरात याच नावावरून झालेलं रामायण अजून संपलेलं नाही.

माझ्या मुलाचं नाव गोन्सालो. ठरवलं तेव्हा मोठे मेहुणे म्हणाले, "हे आडनाव झालं, नाव नव्हे. आणि चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगिजांना घालवलं, तुम्ही अजून त्यांची नावं कवटाळून बसलाय!" बोलणाऱ्याचं आडनाव फर्नांडिस, हे लक्षात घ्या. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, तसा गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. आधी नाव, मग आडनाव. बाप्तिस्म्याच्या जेवणात चार माणसांदेखत हे सांगितलं, तर म्हणे, "मग रायन ठेवा, सुटसुटीत आहे." रायन काय आमच्या शेजारच्या आगाशीला पिकतो?

आणि आमच्याकडे हे नाव परकं कसं? संत गोन्सालो गार्सिया वसईतच जन्मले, १५५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पाद्रींबरोबर जपानला गेले, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर (संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू) झाले, आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून परत जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत हे एक. १८६२ मध्ये संतपद मिळालं. आमच्याकडच्या गास गावचं चर्च त्यांच्याच नावाचं. मेहुणे दर वर्षी तिथल्या सणाला येतात, जेवून जातात आणि नाव परकं म्हणतात.

बरं, तुमचा अर्थ. नाव व्हिसिगॉथांचं (एके काळी स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेले लोक), म्हणजे जर्मानिक. जुन्या लॅटिन कागदांत 'गुंदिसाल्वुस' असं येतं. 'गुंद' म्हणजे युद्ध. (आपल्या गुंडाशी संबंध नाही, मेहुण्यांचा तोही विनोद करून झालाय.) पुढच्या भागावर अभ्यासकांचं एकमत नाही, कोणी त्यात लॅटिनमधला 'सुखरूप' बघतात. 'लढाईतून सुखरूप आलेला' असा अर्थ वेबसाइटवर दिसला तर छान आहे, पण छातीठोक सांगू नका.

नाव जुनाट आहे असंही कोणी म्हणेल. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध हॅटट्रिक मारणारा गोन्सालो रामोसच. पोर्तुगालचे साओ (म्हणजे संत) गोन्सालो वेगळे, ते लग्नं जुळवणारे म्हणून लाडके, त्यातही वय उलटलेल्या बायकांची! आवेइरू गावात जानेवारीत त्यांच्या सणाला लोक देवळाच्या माथ्यावरून साखरेचा थर दिलेली कडक बिस्किटं फेकतात, आणि खालची मंडळी उलट्या छत्र्या नि जाळ्या धरून ती झेलतात. सासूबाईंना विचारा, खुलतील.

एक राहिलं. पोर्तुगीज लिखाणात या नावातल्या सी अक्षराखाली शेपटी असते, म्हणून उच्चार 'स'. भारतातल्या फॉर्मवर ती शेपटी गळते आणि पोराचा 'गोंकालो' होतो. आमच्या मुलाच्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरीला तेच झालं. भारतातली कागदपत्रं करणार असाल तर एस घालून लिहा, पण मग पोर्तुगालच्या दाखल्याशी स्पेलिंग जुळणार नाही; तेव्हा दोन्हीकडचं आधीच विचारून घ्या. मेहुण्यांना हे कळू देऊ नका.