मुलीची पुस्तकं कुलपात का ठेवलीत?

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी एमए इंग्लिशला, मार्क चांगले, तिला अमेरिकन साहित्य नि चित्रकलेतल्या डार्क ह्युमरवर पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय, आणि यांनी तिची पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवलीत, एमपीएससी होईपर्यंत.

सर, आधी ते कुलूप काढा, बाकीचं मग बोलू. एमएला आहे ती, सहावीत नाही. एवढ्या मोठ्या पत्रात तिचे टक्के चार वेळा आलेत पण या कुलपावर ती काय म्हणाली ते एकदाही नाही. बोलते ना घरात अजून? मला मार्कांपेक्षा त्याची जास्त काळजी वाटतेय.

आता तुमची भीती, की डार्क ह्युमर, म्हणजे मरणावरचे विनोद, वाचून पोरीचं डोकं फिरेल. अहो, अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट १९४५ला जर्मनांच्या कैदेत होता, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्ब पडले तेव्हा कत्तलखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला, मग त्यालाच ढिगाऱ्यातून प्रेतं काढायला लावली. त्यावरची कादंबरी यायला १९६९ उजाडलं आणि तिच्यात विनोद आहेत. हे बघितलेला माणूस विनोद का करतो, हाच तर अभ्यास. किंवा फिलिप गस्टन घ्या, ज्यू घरातला चित्रकार, त्याने कू क्लक्स क्लॅनचे, म्हणजे काळ्यांचा नि ज्यूंचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे, बुरखेवाले सिगार ओढताना, गाडीतून हिंडताना कार्टूनसारखे रंगवले, १९७०ला समीक्षक तुटून पडले, आणि २०२०मध्ये चार मोठ्या म्युझियम्सनी त्याचं प्रदर्शन पुढे ढकललं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून! हसू नक्की कोणावर आहे हे सांगणारी शिकलेली माणसं लागतात ती इथे. (आणि एमपीएससीत तरी कुठे हमी आहे?)

इथे प्रोफेसर व्हायचं तर नेट-सेट ही पात्रता परीक्षा द्यावी, त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर उत्तम. पीएचडी अमेरिकेत करायची तर चांगल्या डिपार्टमेंटला फी माफ होते, वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं, पाच-सहा वर्षं सहज जातात. पण पुढे पर्मनंट जागा फार कमी, कित्येक पीएचडीवाले कॉन्ट्रॅक्टवर एकेक कोर्स शिकवत फिरतात, त्यामुळे फंडिंग नसेल तर जायचं नाही, घर गहाण टाकून तर अजिबातच नाही. इथे पीएचडीला रजिस्टर करून फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर काही महिने तिकडे जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, व्हॉनेगटची कागदपत्रं इंडियाना युनिव्हर्सिटीच्या लिली लायब्ररीत आहेत.

पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा. कोणता लेखक, कोणता चित्रकार, प्रश्न काय ते तिने लिहावं. नुसतंच 'डार्क ह्युमर आवडतो' एवढं असेल तर अजून पीएचडीची तयारी नाही हे मीच तिला सांगेन.