वाचकांचे प्रश्न : दोरूच्या खोऱ्यात किती दिवस राहावं?

पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्याबद्दल या वेळी इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. बहुतेकांचा बेत सारखाच आहे : पोर्तोला उतरायचं, सकाळी बसने खोऱ्यात जायचं, संध्याकाळी परत. माझं सगळ्यांना आधीच सांगणं आहे, की निदान दोन रात्री खोऱ्यातच काढा. त्याची कारणं उत्तरांत येतीलच.

प्रश्न : सासूबाई आणि सासरे सत्तरीच्या आसपास आहेत. आमच्याकडे कोणीच वाइन घेत नाही आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. मग द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात आमच्यासाठी काय आहे? पोर्तोहून एका दिवसाची बससहल पुरेल ना?

ताई, बससहल तर तुम्ही मुळीच घेऊ नका. अर्धा दिवस महामार्गावर जातो आणि उरलेल्या वेळात एक-दोन ठिकाणी वाइनची चव घ्यायचा कार्यक्रम असतो. जो घेत नाही, तो ताटकळत बसतो.

तुम्ही आगगाडीने जा. पोर्तोच्या सांव बेंतो स्थानकावर थोडं लवकर पोचा, कारण तिथल्या दालनाच्या भिंतींवर झोर्झ कोलासू या चित्रकाराने रंगवलेल्या सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. काही गाड्या तिथून न सुटता कांपान्या या मोठ्या स्थानकावरून सुटतात, तेवढं वेळापत्रकात बघून घ्या. पासष्टच्या पुढच्या प्रवाशांना तिकीट निम्म्या दरात मिळतं, म्हणून सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा. या मार्गावर जागा राखून ठेवलेली नसते. आधी पोचलात तर उजव्या बाजूच्या खिडक्या मिळतील, आणि त्याच हव्यात. पहिला तासभर साधाच आहे, घरं आणि शेतं. मग गाडी उतरत उतरत थेट नदीकाठी येते आणि पुढे पिन्यांव या गावापर्यंत नदी तुमची पाठ सोडत नाही. रूळ पाण्याच्या इतके जवळ आहेत, की खिडकीतून खाली पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी काठ दिसतच नाही.

आता समोरच्या उतारांकडे नीट पाहा. ते सगळं माणसाच्या हातचं आहे. इथला खडक शिस्ट, पापुद्र्यापापुद्र्याचा. तो फोडून माती केली, त्याच दगडांचे बांध चुना-सिमेंटाशिवाय रचले आणि एकावर एक पायऱ्या चढवत डोंगर लावले. खडकाचे थर उभे असल्यामुळे वेलींची मुळं फटींतून खोल जाऊन पाणी शोधतात. मधेच काही पायऱ्या ओसाड, झुडपांनी भरलेल्या दिसतील. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळं खाल्ली, मळे बसले, आणि त्यातल्या कित्येक पायऱ्यांवर पुन्हा कधी वेल लागलीच नाही. त्यांना तिथे 'मोर्तोरियू' म्हणतात. मला तर भरल्या मळ्यांइतकेच हे ओसाड बांधही बघावेसे वाटतात, कारण बांध रचणाऱ्यांचे कष्ट तिथे उघडे दिसतात. युनेस्कोने २००१ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो याच माणसाने घडवलेल्या भूदृश्यासाठी.

सुमारे अडीच तासांत पिन्यांव येतं. मुक्काम इथे करा. स्थानकाच्या बाहेरच्या भिंतींवर १९३७ सालच्या फरशांमध्ये द्राक्षतोडणीची चित्रं आहेत : टोपल्या वाहणारे पुरुष, तोडणाऱ्या बायका, पिंपं लादलेल्या राबेलो होड्या. दुपारी धक्क्यावरून तास-दोन तासांच्या फेरीला होड्या निघतात. त्यात सासू-सासऱ्यांना बसवा. पाणी संथ असतं, चढउतार नाही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवून फावायुश गावी जा. पिन्यांवमध्ये टॅक्स्या मोजक्याच आहेत, म्हणून उतरलात त्या घरमालकांनाच आदल्या दिवशी सांगून ठेवा. फावायुश त्याच्या पावासाठी आणि मोश्कातेल या गोड वाइनसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे दोन्हींचं मिळून एक संग्रहालय आहे. पाव भट्टीतून ताजा घ्या, सोबत तिथलंच ऑलिव्ह तेल आणि बदाम. या खोऱ्यात द्राक्षांइतकंच ऑलिव्ह आणि बदामाचं पीक जुनं आहे. परतताना, किंवा वेगळ्या दिवशी, याच रेल्वेमार्गावरच्या रेग्वाहून लामेगो हे गाव गाठा. तिथल्या नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश या चर्चला ६८६ पायऱ्या आहेत. पण गाडी वरपर्यंत जाते. वर उतरा आणि सगळे मिळून पायऱ्या उतरत गावात या. मधल्या प्रत्येक सज्ज्यावर टेकायला जागा आहे, कारंजी आहेत, फरशांची चित्रं आहेत.

जेवणाचं म्हणाल तर 'काल्दू व्हेर्द' हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सार सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. मागवतानाच "सें शोरिसू, सें कार्न" असं सांगा, म्हणजे सॉसेज नको, मांस नको. लामेगोची 'बोला' ही पावासारखी दिसते, आत मात्र डुकराचं मांस असतं; सासूबाईंना आठवणीने सांगा.

प्रश्न : मी लिस्बनला शिकायला आहे. मित्रांबरोबर दोरूला जायचंय. खर्च कमी हवा आणि दिवसभर चालायला, कयाकिंगला वाव हवा. जुलैमध्ये सुट्टी आहे.

जुलै बदल, जमलं तर. तिथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. मारांव आणि मोंतेमूरू हे डोंगर समुद्राकडून येणारा ओलावा अडवतात, त्यामुळे पूर्वेकडे जावं तसा पाऊस घटत जातो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दगडी बांध दिवसभर तापतात आणि पायवाटेवर सावली नसते. वणव्याचा धोका असला की रानातल्या वाटा बंदही करतात. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघ. जुलैच नक्की असेल तर सकाळी सहाला निघ आणि अकराच्या आत सावलीत ये.

पिन्यांवहून वर कासाल द लोइवुश गावापर्यंतची चढण कर. उभी आहे, पण वर पोचल्यावर नदीचं वळण, पूल आणि दोन्ही काठांचे मळे एका नजरेत येतात. गाडीवाले याच जागी येऊन पाच मिनिटांत फोटो काढून जातात. चालत आलास की बांधामधल्या दगडी पायऱ्या, पाण्याच्या पन्हाळी, एखादा चुन्याने रंगवलेला एकटा गोठा, असं सगळं वाटेत भेटतं. मळ्यांतून जाताना द्राक्षाला हात लावू नकोस आणि बांधावर चढू नकोस. चुन्याशिवाय रचलेली भिंत एक दगड निसटला तरी ढासळते.

कयाक पिन्यांवच्या आसपास भाड्याने मिळतात. पूर्वी ही नदी धबधब्यांची आणि भोवऱ्यांची होती. या खोऱ्याचे नकाशे काढणारा जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी १८६१ मध्ये वालेइराच्या धबधब्यात होडी उलटून बुडाला. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेइरा होत्या, खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या मळेवाल्या बाई, त्या वाचल्या. त्यांच्या फुगलेल्या घागऱ्याने त्यांना तरंगतं ठेवलं, असं तिथे सांगतात. आता पोर्तुगालच्या हद्दीत नदीवर धरणं आहेत आणि पाणी तळ्यासारखं शांत झालंय. तरीही मोठ्या पर्यटक बोटींच्या मार्गात वल्हवू नकोस, मधे पोहायला तर अजिबात उतरू नकोस. डुंबायचंच असेल तर विला रियालजवळच्या आल्वांव अभयारण्यात फिश्गश द एर्मेलू धबधब्याच्या वरची कुंडं आहेत. चढण आहे, पाणी थंड आहे, तुम्हाला आवडेल.

प्रश्न : रेग्वा ते पिन्यांव हा एन २२२ रस्ता गाडी चालवायला जगात उत्तम म्हणतात. वाटेत दोन-तीन किंतांमध्ये, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या वाड्यांमध्ये, वाइन चाखत जावं म्हणतो.

काका, रस्ता सुंदर आहे, सुमारे सत्तावीस किलोमीटर, नदीच्या दक्षिण काठाने. पण चालवणाऱ्याचं लक्ष वळणांवर असतं, नदी बघतात ते शेजारचे. आणि चाखणं व चालवणं एकत्र नको. पोर्तुगालमध्ये रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि या खोऱ्याची पोर्ट ही साधी वाइन नव्हे : द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं तीव्र मद्य घालून आंबणं थांबवतात, म्हणून ती गोड राहते आणि तिचा जोर वीस टक्क्यांच्या आसपास असतो. एकच किंता निवडा, तिथेच मुक्काम करा, संध्याकाळी निवांत चाखा. सप्टेंबरमध्ये गेलात तर काही ठिकाणी 'लागार' नावाच्या दगडी हौदात पायांनी द्राक्षं तुडवताना बघायला मिळतील, पाहुण्यांनाही उतरू देतात. त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात.

मळ्यांत कुठे ग्रॅनाइटचा उभा खांब दिसला तर गाडी थांबवा. पोर्तुगालचा तेव्हाचा मुख्य मंत्री, पोंबालचा मार्किस, याने १७५६ मध्ये या प्रदेशाची हद्द कायद्याने बांधली, आणि ती दाखवायला पुढच्या काही वर्षांत तीनशेहून अधिक खांब रोवले. काही अजून जागेवर आहेत.

प्रश्न : पिन्यांवच्या पुढे काही बघण्यासारखं आहे का? बहुतेक सहली तिथूनच मागे फिरतात.

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. पुढेच जा. पिन्यांवनंतर गाडी रिकामी होते, खोरं अरुंद होतं, मळे विरळ होत जातात. फेराडोझाच्या पुलावर रूळ नदी ओलांडतात, तेव्हा उठून डावीकडच्या खिडकीत बसा. पोसिन्यू हे शेवटचं स्थानक. तिथून पुढे स्पेनच्या सीमेपर्यंतचा मार्ग १९८८ मध्ये बंद झाला.

पोसिन्यूहून टॅक्सीने थोड्याच वेळात विला नोव्हा द फोश कोआ येतं. कोआ ही दक्षिणेकडून वाहत येऊन दोरूला मिळणारी नदी. तिच्या काठच्या उघड्या शिस्टवर वीस हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेली चित्रं आहेत : घोडे, रानबैल, रानबकऱ्या. गुहेत नाहीत, उन्हापावसात आहेत. काही जनावरांना दोन-तीन डोकी काढली आहेत. ते जनावर मान हलवतंय, वळून बघतंय हे त्या माणसाला दाखवायचं होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाइडने बोटाने हवेत रेघ फिरवून दाखवली, आणि मग मला त्या खडकावर घोड्याशिवाय काही दिसेना.

ही चित्रं १९९४ मध्ये जगासमोर आली, तेव्हा तिथे धरण बांधायला घेतलं होतं. शाळेतल्या मुलांपासून पुरातत्त्वज्ञांपर्यंत लोक उभे राहिले. "कोरीव चित्रांना पोहता येत नाही" ही त्यांची घोषणा होती. १९९५ मध्ये सरकारने काम थांबवलं, १९९८ मध्ये युनेस्कोने दर्जा दिला. अर्धवट धरणासाठी खणलेल्या खुणा अजून दिसतात.

तिथे स्वतःहून जाता येत नाही. गाइडबरोबर, जीपमधून, थोड्या माणसांच्या गटानेच नेतात, म्हणून जागा आधी राखा. कोरीव खडकांची कानादा दु इन्फेर्नू ही जागा सकाळी बघतात आणि पेनाश्कोझा ही दुसरी जागा दुपारनंतर, कारण तिरप्या उन्हातच रेघा उठून दिसतात. पेनाश्कोझाला रात्रीची भेटही असते, दिव्याचा झोत बाजूने टाकून दाखवतात. एकच निवडायची असेल तर ती निवडा; दिवसा डोळ्यांना न सापडणाऱ्या रेघा तेव्हा दिसतात. २०१० मध्ये उघडलेलं संग्रहालय टेकडीच्या माथ्यावर आहे, आधी ते बघून मग खडकांकडे जा. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला आलात तर हेच उतार बदामाच्या फुलांनी पांढरे झालेले असतात, आणि त्या दिवसांत ऊनही बेताचं असतं. परतीची शेवटची गाडी पोसिन्यूहून किती वाजता आहे, ते मात्र जातानाच स्थानकावर बघून ठेवा. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत.